स्वस्त कॉल, महाग इनकमिंग : मोबाइल कंपन्यांच्या दरयुद्धात आपण काय हरलो?



आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. आम्ही सहा-सात जण आळीपाळीने तिथे बसतो. मुलांचा अभ्यास घेतो, आणि अर्जांचे दिवस आले की शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, निराधार योजनेचे अर्जही भरून देतो. गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी बारावी झालेली एक मुलगी धावत आली. अर्जाचा शेवटचा दिवस होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सगळे तिच्याकडे होते. फक्त ओटीपी येत नव्हता.

नोंदवलेला नंबर तिच्या आजीचा होता. आम्ही आजीचा फोन मागवला. फोन चालू, बॅटरी भरलेली, रेंजही दिसत होती. पण दोन महिने रिचार्ज नव्हता. त्यामुळे बाहेर कॉल जात नव्हता, बाहेरून येत नव्हता आणि मेसेजही येत नव्हता. आणखी महिनाभर गेला असता तर नंबरच हातातून गेला असता. शेवटी आमच्यातल्या एकाने आपल्या फोनवरून १९९ रुपयांचा रिचार्ज मारला. थोड्या वेळाने ओटीपी आला आणि रात्री उशिरा अर्ज दाखल झाला.

आजी कोपऱ्यात बसून सगळे बघत होत्या. त्यांनी हे सिम २००६ साली एक शेळी विकून ९९९ रुपयांना घेतले होते. मुलगा पुण्याला बांधकामावर गेला होता, त्याचा फोन यावा म्हणून. दुकानदाराने सांगितले होते, "आजी, हे लाइफटाइम आहे. आता आयुष्यभर इनकमिंगची चिंता नाही." त्या रात्री आजींनी आम्हाला विचारले, "लेकरांनो, ह्ये लाइफटाइम व्हतं ना? मंग लाइफ कोणाचं संपलं, माझं का कंपनीचं?"

आम्ही हसलो. घरी जाताना मात्र कोणी हसत नव्हते. कंपनीचे नाव आम्ही इथे घेत नाही, कारण कंपनी दुसरी असती तरी गोष्ट हीच झाली असती. आजींच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला आमचाही हिशेब करावा लागला. तो इथे मांडतो आहोत.

आधी आजींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. २००५ च्या अखेरीस कंपन्यांनी 'लाइफटाइम' योजना आणल्या तेव्हा त्यातले आयुष्य ग्राहकाचे नव्हतेच. ते कंपनीच्या परवान्याचे आयुष्य होते. परवान्याची मुदत कधी संपते हे ग्राहकाला सांगा, असे ट्रायला कंपन्यांना बजावावे लागले होते. आमच्या आजींना ते कोणी सांगितले नाही.

आता थोडे मागे जाऊ. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळात एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. त्याच काळात आम्ही जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून तालुक्याच्या एसटीडी बूथवर जायचो. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून तोपर्यंत रांगेत थांबायचो आणि काचेच्या खोलीत लाल आकडे पळताना बघत अर्धे बोलणे गिळायचो. मोबाइल ही कारखानदारांची आणि पुढाऱ्यांची वस्तू होती.

मग दर पडायला लागले. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरचे ठरावीक परवाना शुल्क काढून त्या जागी महसुलातला हिस्सा आणला. कंपन्यांना सरकारकडून मिळालेला हा मोठा दिलासा होता. २००२ च्या डिसेंबरमध्ये रिलायन्स इन्फोकॉम आली. पोस्टकार्डापेक्षा स्वस्त कॉल ही तिची घोषणा. पुढच्या पावसाळ्यात तिने ५०१ रुपये भरून हातात फोन देण्याची योजना काढली. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाले. २००९ मध्ये टाटा डोकोमोने मिनिटाऐवजी सेकंदाला एक पैसा लावला आणि बाकीच्यांना मागे यावे लागले. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. एकेका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या एकमेकींचे दर कापत होत्या.

या काळात आमच्या घरांत काय बदलले ते विसरून चालणार नाही. आमच्या आयांनी मिस कॉलची भाषा तयार केली होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर, तीन म्हणजे घरी काहीतरी झाले आहे. दर पडले तशी ही भाषा गेली आणि माणसे खरोखर बोलू लागली. ऊसतोडीला गेलेले नवराबायको गावातल्या मुलांशी बोलू लागले. दहा रुपयांचा छोटा रिचार्ज मजुराला परवडत होता. तो संपला तरी इनकमिंग चालू राहत होते. स्पर्धेने गरिबाच्या हातात फोन दिला हे आम्ही नाकारत नाही. जे नाकारतात त्यांनी एसटीडी बूथची रांग पाहिलेली नाही.

मग ५ सप्टेंबर २०१६ उजाडला. जिओ सुरू झाली. कॉल फुकट, डेटा फुकट, आधी ३१ डिसेंबरपर्यंत, मग ३१ मार्च २०१७ पर्यंत. जाहिरातीत थेट पंतप्रधानांचे छायाचित्र होते. त्यासाठी परवानगी दिली नव्हती, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. आम्हीही त्या रांगेत होतो. आधार कार्ड हातात घेऊन, दुपारच्या उन्हात, दोन-दोन तास. आमच्यातल्या तिघांनी तर पुढच्या वर्षी जुना सरकारी नंबरही पोर्ट करून टाकला.

त्याच वेळी आमच्या वस्तीतले एक काका आम्हाला बोलले होते. काका टेलिफोन खात्यात लाईनमन. वस्तीतली पहिली सरकारी नोकरी त्यांची. राखीव जागेवर लागले, खांबावर चढून तारा जोडल्या, त्या पगारातून दोन भावांची लग्ने केली आणि तीन मुले शिकवली. वस्तीतल्या पहिल्या पदवीधर मुलीची फी त्यांनीच भरली होती. पोर्ट केल्याचे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पोरांनो, तुमचे चारशे रुपये वाचले. पण ज्या खुर्चीवर तुमच्यातला कोणीतरी बसला असता, तिचा एक पाय तुम्ही काढलात." आम्ही त्यांना जुन्या वळणाचे समजलो. जग कुठे चालले आहे हे यांना कळत नाही, असे आपसात बोललो.

आज आम्हाला वाटते, कळत आम्हालाच नव्हते.

दरयुद्धाचे गणित समजून घ्या. टॉवर, केबल आणि स्पेक्ट्रम यांवर एकदा हजारो कोटी खर्च झाले की त्यावरून आणखी एक कॉल जायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणून ज्याच्याकडे दुसऱ्या धंद्यातून आलेले मोठे भांडवल आहे, तो बराच काळ फुकट विकू शकतो. बाकीच्यांचा श्वास संपेपर्यंत त्याने थांबायचे. ते संपले की दर वाढवायचे. यात ग्राहकाला मिळालेली स्वस्ताई ही त्याची कमाई नसते. प्रतिस्पर्ध्याला मारण्यासाठी वापरलेला तो दारूगोळा असतो, आणि लढाई संपली की तो कोणी वाटत नाही.

झालेही तसेच. एअरटेलने दर मुद्दाम तोट्यात ठेवल्याची तक्रार केली, पण २०१७ मध्ये स्पर्धा आयोगाने ती फेटाळली. नव्याने आलेल्या कंपनीचे बाजारात वर्चस्वच नाही, मग गैरवापर कसला, असा तो युक्तिवाद. टाटांनी मोबाइल धंदा एअरटेलला देऊन टाकला. अनिल अंबानींच्या आरकॉमने मोबाइल सेवा गुंडाळली. एअरसेल दिवाळखोरीत गेली. टेलिनॉर विकली गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. दहा-बारा जणांच्या मैदानात तीन खासगी कंपन्या उरल्या आणि बाजूला जखमी सरकारी कंपनी.

आणि मग बिल आले. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी 'किमान रिचार्ज' आणला : २८ दिवसांना ३५ रुपये, नाहीतर सेवा बंद. छोट्या रिचार्जवर वर्षानुवर्षे इनकमिंग घेणाऱ्या गरीब ग्राहकाला दिलेला हा पहिला धक्का. डिसेंबर २०१९ मध्ये तिन्ही कंपन्यांनी मागेपुढे दोन-चार दिवसांच्या अंतराने दर वाढवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा. जुलै २०२४ मध्ये पुन्हा. एअरटेलचा सर्वांत खालचा मासिक रिचार्ज ३५ वरून ४५, मग ७९, ९९, १५५ असा चढत २०२४ मध्ये १९९ वर गेला. जिओचा त्याच वेळी १५५ वरून १८९ झाला. ग्राहकामागे सरासरी महसूल ३०० रुपयांपर्यंत जायला हवा, हे एअरटेलचे प्रमुख उघडपणे सांगत आले आहेत. म्हणजे हे इथे थांबणारे नाही.

कोणी म्हणेल, १९९ मध्ये अमर्याद कॉल आणि डेटाही मिळतो, हे का सांगत नाही? सांगतो. पण आमच्या आजींना अमर्याद कॉल नको आहेत. त्यांना मुलाचा फोन यायला हवा आहे. त्यांचा फोन बटणांचा आहे, त्यात डेटा घालायचा कुठे? नको असलेली वस्तू पिशवीत घालून तिचेही पैसे घ्यायचे, याला सोय म्हणत नाहीत. शिवाय महिना ३० दिवसांचा आणि रिचार्ज २८ दिवसांचा. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. १९९ प्रमाणे २,५८७ रुपये. निराधार योजनेचे महिन्याला पंधराशे मिळतात. म्हणजे वर्षातल्या जवळजवळ दोन महिन्यांची पेन्शन फोन जिवंत ठेवायला जाते.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि मेसेजसाठी वेगळे रिचार्ज द्या, असा नियम केला. चांगला नियम. कंपन्यांनी जानेवारीत असे रिचार्ज आणलेही. पण कसे? ८४ दिवसांना साडेचारशे रुपयांच्या आसपास, एकरकमी, नाहीतर थेट वर्षभराचे. ज्याच्या घरात तेलही वीस रुपयांचे येते त्याने साडेचारशे रुपये एकदम कुठून काढायचे? नियमाची अक्षरे पाळली गेली, गरीब तिथेच राहिला.

आता आमच्यात झालेला वाद सांगतो, कारण तो टाळून हा लेख प्रामाणिक होणार नाही. आमच्यातला एक साथी म्हणाला, "तुम्ही स्वस्त डेटाला शिव्या देताय, पण २ एप्रिल २०१८ आठवा. अ‍ॅट्रॉसिटी कायदा सौम्य करणारा निकाल २० मार्चला आला आणि दोन आठवड्यांत देश बंद झाला. कोणत्या मोठ्या पक्षाने हाक दिली होती? कोणत्या वाहिनीने आपली बाजू दाखवली होती? हे व्हॉट्सअ‍ॅपवर झालं, आणि व्हॉट्सअ‍ॅप त्या स्वस्त डेटावर चाललं."

त्याचे म्हणणे खरे आहे. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. ज्या समाजाला शंभर वर्षे दुसऱ्याच्या छापखान्याच्या दारात उभे राहावे लागले, त्याच्या हातात २०१६ नंतर स्वतःचे छापखाने आले. गावकुसाबाहेरची मुलगी मोबाइलवर स्पर्धा परीक्षेची व्याख्याने ऐकू लागली. भीमगीते गाणाऱ्या आमच्या शाहिरांना कॅसेट कंपनीच्या मालकाची गरज उरली नाही. हा फायदा आम्ही घेतला आहे आणि त्याची आम्हाला लाज नाही.

पण आम्ही त्या साथीला विचारले, त्याच २ एप्रिलला मध्य प्रदेशात आणि राजस्थानात अनेक ठिकाणी मोबाइल इंटरनेट बंद केले गेले, तेव्हा तो छापखाना कोणाचा होता? आणि आज आजींचे इनकमिंग बंद झाले तेव्हा तो कोणाचा आहे? एक नळ सरकारच्या हातात, दुसरा कंपनीच्या. आपल्या हातात फक्त भांडे. भांडे भरले तेव्हा आपण नळ विसरलो.

आमच्या मते खरी चूक इथे आहे. आपण स्वस्ताईला हक्क समजलो. बाबासाहेबांनी महाडला कोणाकडे पाण्याची भीक मागितली नव्हती. तळे सार्वजनिक होते, म्हणून त्यावर सर्वांचा हक्क होता आणि तो हक्क त्यांनी बजावला. मग ज्या लहरींवर आपला आवाज जातो त्या कोणाच्या? ज्या वर्षी पहिला मोबाइल कॉल झाला त्याच १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितले होते की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे हे तळेही सार्वजनिकच आहे. आपण मात्र त्याच्या काठावर कंपनीचे फुकट वाटप घेत उभे राहिलो आणि हक्काचा शब्द काढला नाही. वाटप संपले तेव्हा दाद मागायला आपल्याकडे एकही कायदा नव्हता, कारण आपण तो मागितलाच नव्हता.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत आणि महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद संविधानातच असावी, अशी मांडणी केली होती. खासगी मालकाच्या हातात आर्थिक सत्ता एकवटली की नागरिकाचे स्वातंत्र्य त्या मालकाच्या मर्जीवर राहते, हा त्यामागचा विचार. आज बँक, रेशन, शिष्यवृत्ती, पेन्शन, दवाखाना सगळे मोबाइल नंबरला बांधलेले आहे. ज्याच्याशिवाय नागरिक म्हणून दारही उघडत नाही, तो उद्योग महत्त्वाचा नाही तर कोणता?

आणि सरकारी कंपनीचे काय झाले? खासगी कंपन्या फोरजीवर दर कापत होत्या तेव्हा बीएसएनएलला फोरजी स्पेक्ट्रम देण्याचा निर्णयच २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. हात बांधून तिला कुस्तीत उतरवले आणि मग म्हणाले, बघा, सरकारी कंपनी हरते. त्याच पॅकेजमधून स्वेच्छानिवृत्ती आली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कर्मचारी एका दिवसात घरी गेले. आमचे लाईनमन काका त्यांच्यातलेच. या नोकऱ्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचे आरक्षण होते. जिंकलेल्या खासगी कंपन्यांत ते नाही. तिथे आपली मुले आहेत, पण कुठे? रस्त्यात छत्री लावून सिम विकायला, कंत्राटावर टॉवरवर चढायला, मोटारसायकलवर वायफायची वायर ओढायला. पीएफ नाही, पेन्शन नाही, उद्याची खात्री नाही. आरक्षण रद्द करायला कोणी संविधान बदलले नाही. आरक्षण असलेला उद्योग बाजूला पडू दिला, एवढे पुरेसे झाले.

आणखी एक तुलना करून बघा. थकबाकीत बुडालेल्या दूरसंचार कंपन्यांना सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने चार वर्षांची मुदत दिली. व्होडाफोन आयडियाची देणी भागभांडवलात बदलून घेतली आणि आज सरकार तिचा जवळजवळ निम्मा भागधारक आहे. कंपनी बुडू नये हे बरोबरच, कारण उरलेल्या दोघांच्या हातात सगळे गेले तर दर आणखी चढतील. पण हजारो कोटी थकवणाऱ्याला चार वर्षे आणि १९९ रुपये थकवणाऱ्या आजीला काही दिवस, हा कोणता न्याय? एक माणूस, एक मूल्य हे तत्त्व मोबाइलच्या दुकानाबाहेर ठेवायचे का?

म्हणून आमच्या मागण्या आम्ही लिहून ठेवतो आहोत. एक, इनकमिंग कॉल आणि सरकारी कामाचे मेसेज रिचार्ज संपला म्हणून बंद करता येणार नाहीत, अशी किमान सेवा कायद्याने ठरवा. दोन, मोबाइलचे दर कंपन्यांवर सोडून देण्याचे धोरण निदान सर्वांत खालच्या योजनेपुरते तरी बदला. पूर्ण महिन्याची, फक्त कॉलची, लहान रकमेची एक योजना ट्रायने दर ठरवून सर्व कंपन्यांना सक्तीची करावी. तीन, बीएसएनएलला नुसते जिवंत ठेवू नका, तिला स्पर्धेत उतरवा आणि तिथे कायम नोकरभरती आरक्षणासह करा. चार, जो सार्वजनिक स्पेक्ट्रम वापरतो त्याने सामाजिक प्रतिनिधित्वही द्यावे. खासगी क्षेत्रातील आरक्षणाची सुरुवात इथून करा.

आमच्याकडूनही काही सुरुवात झाली आहे. अभ्यासिकेत आम्ही एक वही केली आहे. कोणत्या घराचा कोणता नंबर कोणत्या कागदाला जोडला आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे त्यात लिहितो, म्हणजे अर्जाच्या दिवशी धावपळ होत नाही. ही मलमपट्टी आहे हे आम्हाला माहीत आहे. आमच्यातल्या दोघांनी आपले नंबर परत सरकारी कंपनीत नेले. रेंज कधी कधी जाते. काकांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "आता परत आलात, पण खांबावर चढायला माणूस कुठाय?"

त्या मुलीला शिष्यवृत्ती मंजूर झाली. आजींचा तो १९९ चा रिचार्ज २८ दिवसांनी संपला. त्यानंतरचा त्यांच्या मुलाने पुण्याहून मारला. त्यापुढचा कोण मारणार, हे अजून कोणाला माहीत नाही. कंपन्यांचे युद्ध संपले असेल, आपले अजून सुरूही झालेले नाही. तुमच्या वस्तीत असे किती फोन चालू असूनही बंद आहेत ते या आठवड्यात मोजून बघा, आणि ती यादी घेऊन आमच्याकडे या.

जय भीम! जय संविधान!